काटकसर कोणाच्या ताटांतून?

काटकसर हा सद्गुण आहे, हें कोणी नाकारीत नाहीं. अंथरूण पाहून पाय पसरावे, ही म्हण खेड्यापाड्यांतील लहान मुलांसहि ठाऊक असते. परंतु अंथरूण अपुरें असतां पाय कोणीं आखडावे, याविषयीं ती म्हण कांहींच सांगत नाहीं. आमच्या मतें काटकसरीचा खरा नैतिक प्रश्न तोच आहे. म्हणून तो आज वाचकांपुढें ठेवितों.

महागाई वाढली कीं घरांत प्रथम काय कमी होतें? डाळ पातळ होते, तेल हात राखून वापरलें जातें, दूध बंद होतें. पुष्कळ घरीं पुरुष व मुलगे जेवून उठल्यावर मायलेकी जेवावयास बसतात. मग पातळ झालेल्या कालवणांतलें त्यांच्या वांट्यास काय उरतें, हें निराळें सांगावयास नको. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनें २०१९–२१ सालीं असें दाखविलें कीं, महाराष्ट्रांत १५ ते ४९ वर्षे वयाच्या स्त्रियांपैकीं निम्म्याहून अधिक स्त्रियांच्या अंगीं रक्त कमी आहे. याचीं कारणें अनेक आहेत. पण मागाहून मिळालेलें अपुरें अन्न हें त्यांतील एक आहे. त्याच घरांत तंबाखूस रोज २० रुपये जात असतील, तर वर्षास ७,३०० रुपये होतात, आणि त्यांस खर्च म्हणून कोणी मोजीत नाहीं!

कोणी म्हणेल, "जो राबतो त्याला पोटभर नको काय?" अवश्य पाहिजे. पण पहांटे पाणी भरणारी, दिवसभर खुरपणारी व सांजवेळीं चूल पेटविणारी राबत नाहीं काय? एकाच्या सुखास धक्का न लावतां दुसऱ्याच्या पोटास चिमटा घेऊन जें उरतें, त्यास बचत म्हणूं नये. तें नुसतें एकाकडून घेऊन दुसऱ्यास देणें होय.

तीच गोष्ट कर्जाची. लग्नांत मान राखण्याकरितां १०,००० रुपये दरमहा शेंकडा ५ व्याजानें काढिले, तर वर्षास ६,००० रुपये नुसत्या व्याजाचे जातात व मुद्दल तसेंच उभें राहतें. मांडवांतील मान घरच्या वडिलांस मिळतो. व्याज मात्र बहुधा मुलीच्या शाळेंतून फेडलें जातें.

खर्च आखडण्यास सीमा आहे. म्हणून मिळकत वाढविणें योग्यच. १५ मार्च १९५९ रोजीं मुंबईंत गिरगांवांतील सात स्त्रियांनीं ८० रुपये उसने घेऊन पापड लाटण्यास आरंभ केला, व त्यांतूनच 'लिज्जत' हा मोठा गृहउद्योग उभा राहिला. त्यांत लाटणारी बाई ही नोकर नसून भागीदार असते, ही गोष्ट आम्हांस विशेष वाटते. नाबार्डनें १९९२ सालीं बचत गटांस बँकांशीं जोडण्याची योजना सुरू केली, तेव्हांपासून खेड्यांतील स्त्रियांसहि शेळ्या, कोंबड्या, शिवणयंत्र यांकरितां कर्ज मिळूं लागलें. परंतु कर्ज बायकोच्या नांवावर, पैसा नवऱ्याच्या हातीं, आणि हप्ता पुन्हा बायकोच्या मजुरींतून, असेंहि कित्येक घरीं घडतें. त्यानें मिळकत वाढत नाहीं. तिचें ओझें मात्र वाढतें.

यास्तव घरच्या कर्त्या पुरुषांस आमची एक विनंति आहे. महिन्यांतून एकदां सर्वांनीं एकत्र बसून वहींत जमाखर्च मांडावा. घरधनीण लिहिणारी नसेल तर मुलीनें वाचून दाखवावा. जो खर्च कमी करावयाचा तो प्रथम स्वतःच्या आवडींतून करावा. आणि भाकरी कमी असेल त्या दिवशीं सर्वांनीं एकाच वेळीं जेवावयास बसावें, म्हणजे ती किती कमी आहे हें सर्वांस दिसेल.