क्षारांचे ऋण

अहिल्यानगरच्या सावेडी भागातील नळांस येणारे पाणी मुळा धरणाचे. ती मुळा प्रवरेस आणि प्रवरा नेवासे तालुक्यात गोदावरीस मिळते. त्याच प्रवरेवर १९२६ साली पुऱ्या झालेल्या भंडारदरा धरणाच्या कालव्यांनी प्रवराकाठी ऊस आणि सुबत्ता आणली. परंतु भारी काळ्या जमिनीत मुरलेले अतिरिक्त पाणी निचऱ्याअभावी वर चढले, बाष्परूपाने उडाले व मागे क्षार ठेवून गेले, तेव्हा कित्येक उत्तम बागाईत जमिनी क्षारपड झाल्या. चर खणून वा जमिनीखाली सच्छिद्र नळ घालून ते क्षार धुता येतात. पण धुतलेले क्षार अखेर नदीत, म्हणजे खालच्या गावाच्या वाट्यास जातात. एकाची शुद्धी दुसऱ्याची अशुद्धी होत असेल, तर तीस शुद्धी म्हणावे काय? शेतास पाणी भरणाऱ्याचा हेतू निर्मळ असतो, हे मला मान्य आहे. तथापि गीतेतील लोकसंग्रहाचा, म्हणजे सर्वांच्या हिताचा, विचार केवळ हेतूपाशी थांबत नाही, असे मी मानतो. म्हणून निचऱ्याच्या आधी संयम हवा: ठिबक, अस्तर केलेल्या चाऱ्या आणि क्षेत्रावर नव्हे, तर घनमापावर पाणीपट्टीची आकारणी. कमी पाणी मुरले, तर नदीत क्षारही कमी उतरतात. कालव्याच्या मुखाकडील बागाईतदारांनी येत्या पाळीपासूनच पाणी मोजून घ्यावे.