दोन रात्रींची मैत्री

आजचं चिंतन गीता, अध्याय १२, श्लोक १३.

आवडत्या भक्ताची लक्षणं सांगताना भगवंत मैत्री आणि करुणेला जोडूनच 'निर्मम' म्हणतात. म्हणजे ज्याला 'माझं' नाही तो. मला हे कोडंच वाटायचं. माया लावायची, आणि माझं म्हणायचं नाही?

शनिवारी कुत्र्यांच्या आश्रयस्थानातून चिंगीला दोन रात्रींसाठी घरी आणलं. रस्त्यावरून सोडवलेली, भेदरलेली. आली ती थेट टेबलाखाली. मी हाक मारली नाही, डोळ्यांत पाहिलं नाही. दहीभात ठेवून थोडं लांब, पाठमोरा बसलो. रात्री कधीतरी भात संपला. रविवारी दुपारी बाईसाहेब माझ्या पायाशी चक्क घोरत होत्या!

सोमवारी परत सोडताना गलबललं. सुख दाखवून काढून घेतोय का आपण? मग २०१९ चा एक अभ्यास आठवला. अमेरिकेतल्या पाच आश्रयस्थानांतली २०७ कुत्री एक-दोन रात्री घरी राहिली, तेव्हा त्यांचं ताणाचं कॉर्टिसॉल सरासरीने उतरलं. परतल्यावर ते पूर्वीइतकं झालं, त्याहून वाढलं नाही. म्हणजे विसावा खराच होता. मग रडू कशाचं? 'माझी चिंगी' याचं.

तिथल्या ताईंना सांगितलं, "समोरून हात नका नेऊ, बाजूला बसा. दहीभाताला येते." तिला कायमचं घर शोधताना हे कामी येईल. ते घर माझं नसेल.

निर्मम म्हणजे माया कमी नव्हे. फक्त तिच्यावर आपलं नाव नाही.

राम कृष्ण हरी.