यंत्राची साक्ष

जालना जिल्ह्याच्या घनसावंगी तालुक्यातील तीर्थपुरी हे महसुली दफ्तरात एका मंडळाचे ठिकाण आहे, आणि त्या मंडळाच्या पर्जन्यमापकात चोवीस तासांत 65 मिलिमीटरहून अधिक पाणी साचले तर अतिवृष्टी झाली, एरवी नुसता पाऊस झाला, असा निवाडा होऊन त्याच्या आधारे पंचनाम्यांचे हुकूम सुटतात. पडून गेलेल्या पावसाचा हिशेब असा ठेवता येतो. परंतु मृगाच्या तोंडावर सरकीचे आणि सोयाबीनचे बियाणे घरात आणून ठेवलेल्या कास्तकाराला जो प्रश्न पडतो, तो न पडलेल्या पावसाविषयीचा असतो. पहिल्या सरींवर पेरावे आणि पुढे तीन आठवडे आभाळ कोरडे राहावे, म्हणजे दुबार पेरणी आली आणि तिच्यामागून दुबार कर्जही आले. संगणकाच्या हाती विज्ञानाचे पुढे काय होणार, या चर्चेत प्रयोगशाळांतील दृष्टान्तांपेक्षा पावसाचाच दृष्टान्त मला अधिक मोलाचा वाटतो, कारण चुकलेल्या गणिताचा भुर्दंड येथे गणित करणाऱ्याला न बसता पेरणाऱ्याला बसतो.

1904 साली गिल्बर्ट वॉकर हा केंब्रिजचा गणिती भारतीय हवामानखात्याचा प्रमुख होऊन आला. वातावरणाची समीकरणे सोडवून मान्सूनचे भाकीत करणे आपल्या आवाक्यातले नाही, हे जाणून त्याने देशोदेशींच्या वायुदाबाच्या, तापमानाच्या आणि पावसाच्या नोंदी एकत्र केल्या, आणि कचेरीतील एतद्देशीय कारकुनांकरवी त्यांचे परस्परसंबंध हाताने काढून घेतले. ज्यांची नावे आज फारसे कोणी घेत नाही अशा त्या कारकुनांच्या वर्षानुवर्षांच्या आकडेमोडीतून पॅसिफिक आणि हिंदी महासागरांवरील वायुदाब एकमेकांच्या उलट वरखाली होतात, हे ‘दक्षिणी दोलन’ हाती आले. ते का घडते, हे मात्र वॉकरला सांगता आले नाही. समुद्रपृष्ठाचे तापमान आणि वरचे वारे यांच्यातील ज्या देवघेवीने ते घडते, ती याकोब ब्यर्कनेस या हवामानशास्त्रज्ञाने 1960 च्या दशकात उलगडली. म्हणजे उत्तर आधी मिळाले आणि कारण सुमारे चाळीस वर्षांनी. विज्ञानाचा हा क्रम संगणकाने निर्माण केलेला नाही. त्याने फक्त त्याचा वेग अतोनात वाढविला आहे.

दुसरी वाट समीकरणांची होती. 1922 साली लुईस फ्राय रिचर्डसन या इंग्रज गणितज्ञाने त्या वाटेने केलेले पहिले गणित प्रसिद्ध केले. सहा तासांत वायुदाब 145 हेक्टोपास्कलने चढेल असे त्यातून निघाले, आणि प्रत्यक्षात तो जवळजवळ हललाच नव्हता. पण या वाटेवरचा खरा धडा मिळाला तो 1961 साली. मॅसॅच्युसेट्समध्ये एडवर्ड लोरेन्झ याने हवामानाचे एक लहानसे प्रतिरूप यंत्रावर पुन्हा चालविताना 0.506127 या आकड्याऐवजी 0.506 एवढाच आकडा घातला, आणि काही काळातच दोन्ही हवामाने परस्परांना ओळखेनाशी झाली. ज्या यंत्राकडून सर्वज्ञतेची अपेक्षा होती, त्यानेच भाकिताच्या मर्यादेचा साक्षात्कार घडवावा, ही विसाव्या शतकातील विज्ञानाची एक थोर घटना आहे असे मी मानतो. कागदावर ती सहजी घडली नसती. अत्यल्प फरकाचा पाठलाग करण्याएवढी गणिते कोणाही माणसाच्या हातून पुरी होणे दुरापास्त होते.

आपल्याकडे वॉकरची वाट दीर्घकाळ वहिवाटीत राहिली. शास्त्रज्ञ वसंतराव गोवारीकरांच्या नेतृत्वाखाली 1988 पासून वापरात आलेले मान्सूनच्या भाकिताचे सोळा घटकांचे प्रतिरूप अनेक वर्षे मान राखून होते; 2002 साली मात्र सरासरीच्या 101 टक्के पावसाचे भाकीत असताना 81 टक्केच पाऊस झाला. आज पुण्याच्या उष्णदेशीय हवामानविज्ञान संस्थेतील ‘अर्का’ हा महासंगणक एका सेकंदात 11,770 लाख कोटी गणिते करू शकतो, आणि 2025 च्या मे महिन्यात सुरू झालेली भारतीय भाकीतप्रणाली सहा किलोमीटरच्या चौकटींनी पृथ्वी मोजते. तरीही एका शिवारात ओढे वाहावेत आणि पलीकडच्या शिवारात धूळ उडावी, हा मराठवाड्यातील नित्याचा अनुभव त्या चौकटीत मावत नाही. आणि चौकटीची बाजू निम्मी करावयाची तर गणिताचा भार किमान आठपट होतो.

अशा वेळी समीकरणे न सोडविता, 1979 पासूनच्या जागतिक नोंदींवरून हवेची चाल शिकलेली यंत्रे पुढे आली. त्यांपैकी 2023 मध्ये जाहीर झालेले ‘ग्राफकास्ट’ दहा दिवसांचे भाकीत मिनिटाच्या आत देते. 2025 च्या खरिपात केंद्रीय कृषी मंत्रालयाने अशाच शिकलेल्या प्रतिरूपांच्या आधारे 13 राज्यांतील सुमारे 3 कोटी 80 लाख शेतकऱ्यांना पावसाच्या आगमनाचा अंदाज कळविला. या उपकाराचे मोल मी कमी लेखत नाही. पेरणी आठ दिवस थांबवावी की नाही, एवढे जरी खात्रीने कळले तरी एखाद्या घराचे वर्ष तरते.

परंतु न्यायशास्त्राच्या परिभाषेत विचारावयाचे झाल्यास, या यंत्राचे उत्तर कोणते प्रमाण मानावे? धूर पाहून अग्नीचे अनुमान करणारा आपला हेतू, म्हणजे अनुमानाचे कारण, बोलून दाखवितो. या यंत्रापाशी व्याप्ती, म्हणजे ‘जेथे धूर तेथे अग्नी’ असा नित्यसंबंध, आहे, कदाचित आपल्याहून सूक्ष्म आहे. पण हेतू ते सांगत नाही. वॉकरच्या कारकुनांची आकडेमोड कागदावर होती आणि कोणीही ती तपासावी अशी होती. यंत्राच्या अंतरंगातील कोट्यवधी गुणक उघडे करून ठेवले तरी त्यांतून कारण वाचता येत नाही. मग उरते ते शब्दप्रमाण, म्हणजे आप्तवाक्य, विश्वासू माणसाच्या शब्दावर ठेवलेला भरवसा. आणि आप्तवाक्यावर न विसंबण्याच्या निश्चयातूनच तर आधुनिक विज्ञानाचा उदय झाला. ही केवळ तात्त्विक कुरकुर नव्हे. सप्टेंबर 2025 मध्ये मराठवाड्यावर जो पाऊस कोसळला, तशा पावसाचे दाखले चाळीस वर्षांच्या नोंदींत विरळाच सापडतात, आणि हवामान जसजसे तापत जाईल तसतसे दाखल्याबाहेरचे दिवस वाढत जातील. अशा दिवशी गतकाळावर शिकलेल्या यंत्राची परीक्षा होईल, आणि उष्णता, बाष्प व वारा यांचे नियम मात्र त्याही दिवशी लागू असतील. म्हणून उत्तर मिळाल्यावरही कारणाच्या शोधासाठी मनुष्यबळ, पैसा आणि चाळीस वर्षांचा धीर राखून ठेवणे हे सरकारचे आणि विद्यापीठांचे कर्तव्य आहे. ज्याची भाकिते बरोबर येतात त्याला ‘का’ विचारण्याची निकड वाटेनाशी होते, याची मला खरी भीती वाटते.

तूर्त एक गोष्ट जिल्ह्याच्या पातळीवरही करता येण्याजोगी आहे. महावेध प्रकल्पामुळे मंडळोमंडळी स्वयंचलित हवामानकेंद्रे उभी राहिली आहेत. तीर्थपुरी मंडळासाठी आदल्या दिवशी वर्तविलेला पाऊस आणि त्या मंडळात मोजलेला पाऊस हे दोन आकडे रोज शेजारीशेजारी लिहून तहसील कचेरीत व शाळेत खुले ठेवावेत, आणि दहा-पंधरा पावसाळ्यांनंतर जालन्याच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्यांनी त्या वहीतून यंत्र कोणत्या नक्षत्रात, कोणत्या वाऱ्याच्या दिवशी आणि कोणत्या बाजूला चुकते, हे शोधण्यास बसावे. त्यांना लागणारे गणित वॉकरच्या कारकुनांना येत होते तेवढेच आहे.