समदर्शन आणि शेजारचे मूल

विद्वान ब्राह्मणापासून श्वपाकापर्यंत सर्वांच्या ठायी जो सम पाहतो तो पंडित, असे भगवंतांनी गीतेच्या पाचव्या अध्यायात सांगितले आहे. त्या श्लोकाचे भाषांतर मी अनेकदा केले. परंतु ‘सम’ या दोन अक्षरांनी मला दिल्लीतील एका वाण्याच्या दुकानापुढे निरुत्तर केले.

दक्षिण दिल्लीतील खिडकी एक्स्टेन्शन या वस्तीत नायजेरिया, काँगो इत्यादी देशांतून आलेली माणसे भाड्याने राहतात. तेथे एक आफ्रिकन माता आपल्या पाच-सहा वर्षांच्या मुलीसह उभी होती. गल्लीतील मुलांनी त्या मुलीचे केस ओढले व ‘हब्शी, हब्शी’ असा गलका केला. मोठी माणसे हसली. मी हसलो नाही. पण बोललोही नाही. मुलीला हिंदी समजत असावे. तिने आईच्या मागे तोंड लपविले.

मुलांना हा शब्द कोणी शिकविला? सुनेच्या वर्णाची चिकित्सा ज्या घरात होते, त्याच घरात. आणि त्याच घराच्या देवघरात श्यामसुंदराची मूर्ती असते! भगवंत कृष्ण, भारतकार व्यास कृष्ण, द्रौपदीही कृष्णा. शेजारची मुलगी मात्र चेष्टेचा विषय.

आम्हा महाराष्ट्रीयांना तर तो शब्द परका नाही. ॲबिसीनियातून गुलाम म्हणून विकला गेलेला एक मुलगा अहमदनगरच्या निजामशाहीत आला. तेथील पेशवा चंगेजखान, जो स्वतः हबशी होता, त्याने त्याला विकत घेतले. (विकत घेणे हा उपकार नव्हे, पण त्या मुलाची योग्यता ओळखणारे कोणी तरी तेथे होते.) तोच पुढे मलिक अंबर झाला. त्याने 1610 मध्ये खडकी शहर वसविले आणि मोगलांना वर्षानुवर्षे थोपवून धरले.

गल्लीतील हसण्याचे पुढे काय होते, हे मार्च 2017 मध्ये ग्रेटर नोएडात दिसले. एका शाळकरी मुलाच्या मृत्यूनंतर नायजेरियन विद्यार्थ्यांवर नरमांसभक्षणाचा आळ आला आणि जमावाने आफ्रिकन विद्यार्थ्यांना मारहाण केली. असल्या गोष्टीवर सुशिक्षित शेजाऱ्यांचा विश्वास बसला, कारण मने आधीच तयार होती.

गृहस्थाने यासाठी संस्था काढावयास नको. दिवाळीच्या फराळाला त्या घरातील मुलांना बोलवावे, घर भाड्याने देताना वर्ण पाहू नये, आणि आपले मूल तो शब्द उच्चारील तेव्हा त्याला चारचौघांत तेथेच थांबवावे. शेवटचे सर्वांत कठीण. मला ते जमले नव्हते.

दुसऱ्या दिवशी मी दुकानदाराकडे विषय काढला. तो म्हणाला, “पंडितजी, बच्चे हैं.”

“ती मुलगी कोण आहे?” मी विचारले.

तो तराजूत डाळ घालीत राहिला.