न केल्याचा दोष

जे केलेच नाही, त्यापासून दोष उत्पन्न होऊ शकतो काय, हा आपल्या दर्शनकारांमधील एक जुना वाद आहे. संध्यावंदनासारख्या नित्यकर्माने नवे फळ मिळत नसले तरी ते टाळल्यास प्रत्यवाय लागतो, असे मीमांसकांचा एक पक्ष मानी. त्यावर शंकराचार्यांनी तैत्तिरीय उपनिषदाच्या भाष्यात अशी हरकत घेतली की, न करणे हा निव्वळ अभाव असून अभावापासून भावरूप पाप निपजू शकत नाही, फार तर पूर्वसंचित पापाचे ते चिन्ह ठरेल.

मोटारीच्या मागील काचेचा जाम झालेला वायपर घरी उघडून पाहणाऱ्यास हा वाद केवळ ग्रंथांपुरता राहत नाही. हॅचबॅक गाडी वेगात असता तिच्या पाठीमागे हवेचे भोवरे उठून रस्त्यावरचा चिखल काचेवर ओढला जातो, म्हणून तेथे वायपर लागतो; परंतु पावसाळा सरला की त्याचे स्मरण कोणास राहत नाही, आणि पुढल्या ज्येष्ठात कळ दाबावी तर मोटर क्षीणपणे गुरगुरते व पाते जागचे हलत नाही. फ्यूज शाबूत आहे, डिकीच्या बिजागरीजवळील रबरी नळीतल्या तारा वारंवार वाकून तुटलेल्या नाहीत, एवढी खातरजमा झाल्यावर वायपरच्या बुंध्याचा नट काढावा, दात्यांवर रुतलेला त्याचा दांडा पुलरने सावकाश सोडवावा, डिकीच्या आतले आवरण उतरवून मोटर बाहेर घ्यावी. तेव्हा दिसते ते असे की, मोटरचा पोलादी आस ज्या अ‍ॅल्युमिनियमच्या नळीत फिरतो तिच्या तोंडाचे रबर झिजून पाणी आत शिरले आहे, ग्रीस वाळले आहे, आणि गंजलेल्या अ‍ॅल्युमिनियमची पांढरी भुकटी दाटून तिने आसाला आवळून धरले आहे.

येथे आचार्यांचा तर्क अक्षरशः खरा वाटतो, कारण पाणी, हवा व दोन धातूंचा सहवास ही सारी भावरूप कारणे असून ‘न वापरणे’ नावाचा पदार्थ त्या नळीत कोठेही आढळत नाही. तरीही माझे समाधान होत नाही. विशिष्ट मणी जवळ असता अग्नी जाळीत नाही, या दृष्टांतावरून नैयायिकांनी प्रतिबंधकाच्या अभावालाही कारणसामग्रीत स्थान दिले. त्या न्यायाने आसाचे फिरणे हा भुकटी जमण्यास प्रतिबंध होता आणि त्याचा अभाव हे जाम होण्याचे एक खरेखुरे कारण होय. पाण्याची कैफियत घेऊन तपास बंद करता येत नाही. वस्तू ज्याच्या हवाली होती त्याचा कसूर दप्तरी नोंदवावाच लागतो. एकाकी पडलेल्या वृद्ध आप्ताची विचारपूस न करणारा मनुष्य ‘मी तर त्याचे काहीच वाईट केले नाही’ असे निर्धास्तपणे म्हणतो, तेव्हा तो अभावाच्याच आश्रयास गेलेला असतो, आणि तो आश्रय त्यास मिळू नये असे मला मनापासून वाटते.

दुरुस्तीचे उरलेले काम थोडे आहे: आस बाहेर काढून पॉलिशपेपरने घासावा, नळी स्वच्छ करावी, रबर बदलावे, नवे ग्रीस भरावे, आणि दांडा बसवण्यापूर्वी मोटर एकदा चालवून तिला आपल्या ठरल्या जागी थांबू द्यावे, नाहीतर पाते काचेच्या मध्यावरच विसावेल. त्यापुढचे नित्यकर्म म्हणजे उन्हाळ्यातही अधूनमधून वायपर फिरवणे. मात्र त्यालाही विधी आहे, कारण धुळीने माखलेल्या कोरड्या काचेवर पाते फिरवल्यास वाळूचे कण काचेवर ओरखडे काढतात, म्हणून आधी काच भिजवावी व मगच कळ दाबावी.