लाडावलेली बंदूक

हौसेनं घेतलेल्या एअर रायफलींचे हाल होतात ते बहुतेक वेळा तेलापायी. वस्तूवर जीव जडला की माणूस तिला तेल पाजत सुटतो, आणि स्प्रिंगच्या रायफलीला तेच मानवत नाही. चाप ओढला की स्प्रिंग सुटते, दट्ट्या पुढे झेपावतो आणि त्याच्यापुढची हवा दबून प्रचंड तापते. तिथं तेल साचलेलं असेल तर ते पेटतं. नळीतून धूर येतो, फटाक्यासारखा बार होतो. नवशिक्याला वाटतं, बंदुकीत जोर आला! आत मात्र स्प्रिंग आणि दट्ट्याच्या वॉशरची वाट लागत असते.

पण जुन्या जर्मन वायराउख एचडब्ल्यू 35 रायफलीचा वॉशर चामड्याचा, सायकलच्या पंपात असतो तसा. त्याला अधूनमधून थेंबभर तेल लागतंच, नाहीतर तो वाळून आक्रसतो. तेव्हा आपल्या बंदुकीच्या पोटात काय आहे हे कळल्याशिवाय बाटलीचं बूच उघडू नये.

मग हातच लावला नाही तर? दसऱ्याला हळदकुंकू, एरवी कपाट! तेही साधत नाही. 1970च्या दशकातल्या फाइनवेर्कबाउ 124 रायफलीचा प्लास्टिकचा वॉशर नुसत्या वयानं भुगा होतो, मग बंदूक वापरा की न वापरा. आणि आपल्या पावसाळ्यात रेक्झिनच्या कव्हरात गुंडाळलेल्या नळीवर बोटांच्या घामाचे ठसे गंजून उमटतात. तेलाचं फडकं फिरवायचं ते इथं, बाहेरून.

माझ्या मते निगा म्हणजे मुख्यतः स्वतःला आवरणं. छर्रा न भरता चाप ओढायचा नाही. पुढे हवा कोंडली नाही की दट्ट्या थेट धातूवर आदळतो. स्प्रिंग ताणून बंदूक ठेवून द्यायची नाही. नळीत तारेचा ब्रश घालायचा नाही. शिशाचा छर्रा मऊ असतो, नळीचं नुकसान ब्रशच करतो.

जपण्यालाही मर्यादा असते, हे स्पर्धेतल्या रायफलीत दिसतं. 1984 पासून ऑलिंपिकमध्ये असलेल्या दहा मीटर एअर रायफलमध्ये निशाण्यावरचा दहा गुणांचा ठिपका अवघा अर्धा मिलिमीटर. तिथं आता बहुतेक सिलिंडरमधल्या दाबलेल्या हवेच्याच रायफली दिसतात. ठाण्याचा रुद्रांक्ष पाटील 2022 साली जगज्जेता झाला तो याच प्रकारात. पण त्या सिलिंडरला मुदत असते, साधारण दहा वर्षांची. ती उलटली की कितीही जपलेला असो, सिलिंडर स्पर्धेतून बाद.

म्हणून घरात पहिली रायफल घ्यायची असेल तर माझं मत सुटे भाग मिळणाऱ्या साध्या स्प्रिंगच्या रायफलीला. आणि नेम कागदावर धरा, पाखरांवर नको.