घेणाऱ्याच्या नावे

मराठी माणूस फोटो ‘काढतो’. काढण्याजोग्या गोष्टी आपल्याकडे पुष्कळ आहेत. आपण दात काढतो, राग काढतो, उणीदुणी काढतो, पोरं शेजाऱ्यांच्या खोड्या काढतात, बायको नको तो विषय काढते आणि महिनाअखेरीला बँकेतून आपण उरलेसुरले पैसे काढतो. या सगळ्या काढण्यांत एक गोष्ट समान आहे. जिथून काढलं, तिथे काहीतरी कमी होतं. दात काढला की खिंडार राहतं, पैसे काढले की शिल्लक उतरते. फोटोच्या बाबतीत मात्र अखिल मानवजातीचं एकमत आहे, की तो काढल्याने कुणाचं काहीच कमी होत नाही. जंगलाच्या दारावर तर पाटीच असते, की बाबांनो, इथून फोटोंखेरीज काही नेऊ नका. म्हणजे फोटो हा जगातला एकमेव फुकट माल झाला.

मी बावीस वर्षं बँकेत कारकुनी करतो आहे. फुकट हा शब्द ऐकला की माझा हात आपोआप व्हाउचर शोधू लागतो. बी.कॉम.च्या पहिल्या वर्षाला आमच्याकडून एक सूत्र घोकून घेतलं होतं : घेणारा तो नावे, देणारा तो जमा. सामान्य माणसाला वाटतं, मला मिळालं म्हणजे माझं जमा झालं. खतावणी म्हणते, चूक! तुला मिळालं ना, मग तुझ्या नावे पडलं. ज्याने दिलं, त्याचं जमा. या सूत्रावर मी परीक्षेत सात मार्क मिळवले होते. पण त्यात नीतिशास्त्र दडलेलं आहे, हे कळायला मला गेल्या हिवाळ्यात थरच्या वाळवंटात जावं लागलं.

झालं असं, की परदेशी गेलेल्या मेव्हण्याचा कॅमेरा आमच्याकडे पडून होता आणि माझी प्रवासभत्त्याची सवलत बुडायला आली होती. त्यात जाहिरात दिसली : ‘वाळवंट आणि वन्यजीव छायाचित्रण सहल, सात दिवस, तज्ज्ञ मार्गदर्शनासह.’ सौ.ला विचारलं. ती म्हणाली, “वाळू बघायला एवढे पैसे? समोरच्या प्लॉटवर तीन ब्रास येऊन पडली आहे. ती बघा.” शेवटी मी एकटाच निघालो.

जोधपूरला आम्ही नऊजण जमलो. अशा सहलीत माणसाची किंमत लेन्सच्या लांबीवर ठरते. एका दंतवैद्यांची लेन्स आमच्या जुन्या घरातल्या पाण्याच्या बंबाएवढी होती. पुढच्या सीटवर तिला स्वतंत्र जागा होती. त्याखालोखाल पुण्याचे एक बिल्डर. माझी लेन्स आमटीच्या वाटीएवढी, त्यामुळे मला मागची सीट. मार्गदर्शकांना सगळे ‘सर’ म्हणत. सर पहाटे साडेचारला दार वाजवून “लाइट! लाइट!” असं ओरडत. पहिल्या दिवशी मी उठून खोलीतला दिवा लावला. नंतर कळलं, ते सूर्याबद्दल बोलत होते.

पहिला मुक्काम बिश्नोईंच्या गावांचा. बीस आणि नौ मिळून बिश्नोई. जांभोजींनी १४८५ मध्ये एकोणतीस नियम घालून हा पंथ सुरू केला. त्यात हिरवं झाड तोडू नये आणि जिवांवर दया करावी हे आलं. त्यांच्या शेतात काळवीट असे उभे होते, जसे आमच्या शाखेत पेन्शनर उभे असतात. घाई नाही, भीती नाही, आपला हक्कच आहे असे. जवळच खेजडली गाव. १७३० मध्ये जोधपूरच्या महाराजांना बांधकामासाठी लाकूड हवं होतं. माणसं कुऱ्हाडी घेऊन आली. अमृतादेवी आणि तिच्या मुली खेजडीच्या झाडांना मिठी मारून उभ्या राहिल्या आणि मारल्या गेल्या. मग आजूबाजूच्या गावांतून लोक येत गेले आणि झाडांपुढे उभे राहत गेले. ३६३ माणसं गेली.

“फोटो काही नाही का त्या वेळचा?” बिल्डरांनी विचारलं. कॅमेऱ्याचा शोध लागायला तेव्हा शंभर वर्षं अवकाश होता.

रात्री जेवताना सरांनी फोटोग्राफीचा इतिहास सांगितला. १८८२ मध्ये फ्रान्सच्या एटिएन-ज्यूल मारे नावाच्या शास्त्रज्ञाने उडणाऱ्या पक्ष्यांचे फोटो घेण्यासाठी चक्क बंदुकीच्या आकाराचा कॅमेरा बनवला. नेम धरायचा, चाप ओढायचा, सेकंदाला बारा चित्रं. इंग्रजीत अजून गोळी झाडण्याला आणि फोटो घेण्याला ‘शूट’ हा एकच शब्द आहे. सर म्हणाले, “पण फरक बघा. पूर्वीचे लोक प्राणी घरी नेत, आपण फक्त चित्र नेतो. केवढी ही प्रगती!” आम्ही सर्वांनी आमच्या प्रगतीचं कौतुक करत गट्ट्याची भाजी संपवली.

पण मला झोप येईना. भारतातले अखेरचे म्हणून ज्यांची नोंद होते ते तीन चित्ते कोरियाच्या महाराजांनी १९४७ च्या सुमारास एकाच रात्री मारले. कोरिया हे संस्थान आजच्या छत्तीसगडमधलं. त्या शिकारीचा फोटो आहे. जमिनीवर ओळीने तीन चित्ते आणि मागे बंदूक घेतलेले महाराज. १९५२ मध्ये चित्ता देशातून नामशेष झाल्याचं सरकारने जाहीर केलं आणि २०२२ मध्ये ते आफ्रिकेतून आणावे लागले. म्हणजे बघा, ज्यांनी वाचवलं त्यांचा फोटो नाही आणि ज्यांनी संपवलं त्यांचा आहे. फोटो हा पुरावा खरा, पण तो कुणाच्या बाजूने साक्ष देईल याचा नेम नाही.

दुसऱ्या दिवशी फलोदीजवळचं खीचन. हिवाळ्यात इथे मंगोलिया आणि मध्य आशियाकडून करकोचे येतात. तिकडे त्यांना कुरजां म्हणतात. हे पक्षी हजारो मैल उडून येतात आणि गावकरी अनेक वर्षं त्यांना पदरमोड करून दाणा घालतात. कुंपण घातलेल्या आवारात रात्री धान्य पसरून ठेवायचं, सकाळी पाहुणे उतरतात. २०२५ मध्ये खीचनचं नाव पाणथळींच्या रामसर यादीतही गेलं. आम्ही एका गच्चीवर बसलो होतो. खाली राखी रंगाचा समुद्र पसरला होता आणि त्याचा गलका असा, की आमच्या शाखेत पगाराच्या दिवशीही होत नाही.

अर्धा तास झाला. पक्षी आपले खाताहेत. बिल्डर म्हणाले, “सगळ्यांच्या माना खाली. उडताना पाहिजेत!” आणि त्यांनी दोन टाळ्या वाजवल्या. गलका क्षणभर थांबला आणि मग सगळा समुद्र वर उठला. गच्चीवर नऊपैकी आठ कॅमेरे शिवणयंत्रासारखे धावू लागले. माझी वाटी त्या वेळी पिशवीत होती.

शेजारच्या जिन्यावर रिकामं पोतं झटकत एक म्हातारे गृहस्थ उभे होते. ते रागावले नाहीत. म्हणाले, “साब, इतनी दूर से आये हैं. खाने तो दो.”

“हां, हां,” बिल्डर खुशीत म्हणाले, “हम पूना से आये हैं.”

बसमध्ये यावरून वाद झाला. दंतवैद्य म्हणाले, “यात नुकसान काय? सूर्याचा उजेड पक्ष्यावर पडला, तिथून उडाला, माझ्या लेन्समध्ये आला. मी नसतो आलो तर तो वायाच गेला असता. मी पक्ष्याचं काय घेतलं?” मुद्दा बिनतोड होता. उजेड फुकट हे मलाही मान्य. पण उजेडाला टाळ्या वाजवाव्या लागत नाहीत. बघण्याचा खर्च शून्य असतो. खर्च सुरू होतो तो आपल्याला हवं तसं दिसावं म्हणून आपण जे करतो तिथून. हजारो मैल उडून आलेल्या पाखराने दाणा सोडून आणखी एक चक्कर मारली, ती कुणाच्या खर्चाने? तो दाणा कुणाच्या पोत्यातला?

दुसऱ्या बाजूचंही सांगायला हवं, नाहीतर ताळेबंद एकतर्फी होईल. फोटोंमुळेच लोकांना या पाखरांची नावं कळली. आमच्यासारखे हौशी येतात म्हणून गावातल्या चहावाल्याची, जीपवाल्याची चूल पेटते. बंदुकीपेक्षा कॅमेरा केव्हाही बरा, यात वाद नाही. पण ‘बंदुकीपेक्षा बरा’ हे काही चारित्र्याचं प्रमाणपत्र होत नाही. आमच्या बँकेतही ‘अफरातफर करत नाही’ एवढ्या गुणावर कुणाला बढती मिळत नाही.

पुढे जैसलमेर, आणि तिथून समचे वाळूचे डोंगर. संध्याकाळी एक उंटवाले आजोबा मिळाले. सुरकुत्या अशा, की सरांना उचकी लागली. केशरी पागोटं, पांढऱ्या मिशा, मागे मावळता सूर्य. आम्ही त्यांना वीस मिनिटं ‘नॅचरल’ बसवलं. शेवटी त्यांनी खिशातून एक चुरगळलेला कागद काढला. त्यावर पत्ता होता. “फोटू भेजोगे?” सगळे एका आवाजात “जरूर, जरूर” म्हणाले. आजोबा हसले. कागद बराच जुना होता आणि घड्यांवर फाटला होता. त्याच्याकडे बघूनच किती ‘जरूर’ त्यावरून गेले असतील याचा अंदाज येत होता.

परत आल्यावर मी एक प्रत काढून रजिस्टरने पाठवली. यात मोठेपणा नाही. नावे पडलेली रक्कम भरणा केली, एवढंच. आजोबांचं खातं बंद करणं सोपं होतं, कारण आजोबांना पत्ता आहे. पण ज्यांना पत्ता नाही, त्यांची फेड कशी करायची?

हा प्रश्न सहाव्या दिवशी समोर येऊन उभा राहिला. तेव्हा आम्ही तीन हजार चौरस किलोमीटरहून मोठ्या डेझर्ट नॅशनल पार्कात होतो. वनखात्याच्या परवानगीने, ठरलेल्या वाटेवरून जीप चालली होती. मैलोगणती सेवणचं पिवळं गवत, एखादी चिंकारा, वर गिधाड. सोबतच्या स्थानिक वाटाड्याने एकदम हात वर केला. “गोडावण!”

गोडावण म्हणजे आपला माळढोक. राजस्थानने १९८१ मध्ये त्याला राज्यपक्षी केलं. आपल्या सोलापूरजवळ नान्नजला त्याच्यासाठी १९७९ मध्ये अभयारण्य झालं. आज तिथे तो दिसला तर बातमी होते. साऱ्या जगात आता हे पक्षी दीडशेच्या आसपास उरले असतील आणि त्यातले बहुतेक याच भागात. मादी एका वेळी बहुधा एकच अंडं घालते. २०१९ पासून समला अंडी उबवून पिल्लं वाढवण्याचं काम चालू आहे. माझ्या गृहनिर्माण संस्थेची सभासदसंख्यासुद्धा याहून जास्त आहे आणि ती कधी घटल्याचं ऐकिवात नाही.

तो लांब होता, गवतात ताठ मान करून उभा. एखाद्या जुन्या हेडमास्तरांसारखा.

“जरा जवळ घ्या,” दंतवैद्य म्हणाले. वाटाड्या म्हणाला, “नहीं साब.” दंतवैद्यांनी दोन हजार रुपये काढले. (पुन्हा काढणंच!) वाटाड्याने नोटांकडे पाहिलं. ती त्याची किती दिवसांची कमाई असेल, हे त्याच्या चपलांवरून दिसत होतं. मग त्याने बोट क्षितिजाकडे केलं. तिथे विजेच्या तारा होत्या.

तो सांगू लागला. हा पक्षी जड, नर दहा-पंधरा किलोंचा. डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, त्यामुळे नाकासमोरचं नीट दिसत नाही. उडाला आणि तार आडवी आली, तर त्याला वळता येत नाही. सुप्रीम कोर्टाने २०२१ मध्ये तारा जमिनीखालून न्यायला सांगितलं, २०२४ मध्ये त्या हुकुमात बदल करून तज्ज्ञांची समिती नेमली. पवनचक्क्या आणि सौरपट्ट्या तर लागणारच, वीज सर्वांनाच हवी. आमच्या कॅमेऱ्यांच्या बॅटऱ्या रात्री चार्ज झाल्या होत्या त्या विजेवरच. “आप नजदीक जाओगे, वो उड़ेगा,” वाटाड्या म्हणाला. “किधर उड़ेगा, वो मैं नहीं बता सकता.”

जीपमध्ये शांतता पसरली. दंतवैद्यांनी नोटा परत खिशात ठेवल्या आणि बऱ्याच वेळाने म्हणाले, “मी दात काढतो, तेव्हा पेशंट निदान स्वतःच्या पायांनी येतो.”

तेव्हा मला ते सूत्र पुरतं उलगडलं. पाखराला पैसे चालत नाहीत, रजिस्टर पोहोचत नाही, माझ्या कौतुकाचा त्याला उपयोग नाही. त्याला आपल्याकडून एकच चलन चालतं, ते म्हणजे अंतर. जे पाऊल आपण टाकू शकत होतो आणि टाकलं नाही, तेवढाच त्याच्या खात्यात भरणा. आणि या भरण्याची गंमत अशी, की तो केल्याचं कुणाला दिसत नाही. पावती नाही, प्रदर्शन नाही, बक्षीस तर मुळीच नाही. न टाकलेल्या पावलाचा फोटो काढायची लेन्स अजून निघालेली नाही.

आम्ही तिथूनच जमेल तसे फोटो घेतले. माळढोक दहा मिनिटं तसाच उभा राहिला, मग चालत चालत गवतात गेला. उडाला नाही.

तो फोटो मी मोठा करून बँकेत माझ्या काउंटरमागे लावला आहे. खूप पिवळं गवत आणि मधोमध एक तपकिरी ठिपका. परवा तपासनीस आले होते. चष्मा वर करून बराच वेळ बघत राहिले आणि म्हणाले, “काचेवर काहीतरी डाग पडलाय. पुसून घ्या.”

मी “हो साहेब” म्हटलं. पुसला मात्र नाही. जगात असे दीडशेच डाग उरलेत.